दिसतो तसा उंट नसतो

मराठीत ‘रानटी’ आणि ‘मोकाट’ असे दोन वेगळे शब्द आहेत आणि आपण ते वापरताना सहसा गल्लत करत नाही. रस्त्यात बसलेल्या गाईला आपण मोकाट म्हणतो, रानटी म्हणत नाही. तिचा कुणीतरी मालक असतो, निदान तिच्या आईचा तरी होता. उलट रानडुकराला कुणी मोकाट डुक्कर म्हणत नाही. ‘मोकाट’ या शब्दात सुटलेलं दावं आहे, ‘रानटी’त मुळात दावंच नाही. पस्तीस वर्षं मुलांना मराठी शिकवल्यामुळे असल्या गोष्टींपाशी माझं गाडं अडतं, त्याला इलाज नाही. (घरचे म्हणतात, ‘निवृत्त झालीस ना, आता तरी वह्या तपासू नकोस.’)

हा फरक आज आठवायचं कारण उंट. २०२४ हे साल संयुक्त राष्ट्रांनी उंट आणि त्याच्या भाऊबंदांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं होतं. तेव्हापासून मी या प्राण्याबद्दल मिळेल ते वाचते आहे. उंटाचं दूध, उंटाची लोकर, उंटावर जगणारी माणसं यांचं कौतुक त्या वर्षी पुष्कळ झालं आणि ते योग्यच होतं. पण या घराण्यातला एक जण असा आहे की ज्याला कौतुकापेक्षा संरक्षणाची गरज आहे, आणि तेही कुणापासून, तर आपल्याच पाळीव चुलत भावापासून. त्याच्याविषयी माझं एक मत झालं आहे, ते आज मांडते. घरात पंख्याखाली बसून गोबीच्या वाळवंटाबद्दल मत देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकते!

आधी थोडी वंशावळ. उंटाचं घराणं मूळचं उत्तर अमेरिकेतलं. सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वी ते तिथे उदयाला आलं. तेव्हा अलास्का आणि सैबेरिया यांच्यामध्ये समुद्र हटून जमीन उघडी पडत असे. त्या वाटेने साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी एक शाखा आशियात आली. दुसरी शाखा सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत उतरली. मूळ घरी मात्र हे कुळ पुढे संपलं. आज जगात या घराण्याची सात भावंडं आहेत. एका वशिंडाचा उंट, दोन वशिंडांचा उंट, लामा आणि अल्पाका ही चार पाळीव. गुआनाको, विकुन्या आणि गोबीचा रानटी उंट ही तीन रानटी. (पाठ्यपुस्तकात उंटाच्या उंचवट्याला ‘मदार’ असा शब्द असतो. पण ‘दोन मदारींचा उंट’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे डमरू वाजवणारे दोघे जण उभे राहतात, म्हणून मी आपली वशिंडच म्हणते.)

आता आपल्यापैकी कितीतरी जण लडाखला जाऊन आले आहेत. नुब्रा खोऱ्यात हुंदरच्या वाळूत दोन वशिंडांच्या उंटावर बसून काढलेले फोटो आमच्या नात्यातच चार घरांत आहेत. यारकंदशी व्यापार चालायचा तेव्हा मालाच्या तांड्यांबरोबर हे उंट तिथे आले. १९५०च्या सुमारास व्यापार थांबला आणि ते मागे राहिले. आता ते पर्यटकांना पाठीवर घेतात. हे उंट पाळीव, त्यांचे आजे-पणजेही पाळीव. प्राणिसंग्रहालयात दिसणारा दोन वशिंडांचा उंटही जवळजवळ नेहमी पाळीवच असतो. ऑस्ट्रेलियात तर एका वशिंडाचे काही लाख उंट माणसाशिवाय वाळवंटात हिंडतात, पण तेही रानटी नव्हेत. एकोणिसाव्या शतकात माणसाने ओझी वाहायला नेले, मोटारी आल्यावर सोडून दिले, त्यांची ही संतती. ते मोकाट. एका वशिंडाचा खराखुरा रानटी उंट आज जगात कुठेच नाही. त्याच्या पाळीव वंशजांची संख्या कोटींमध्ये आहे, आणि रानातला मूळ पुरुष दोनेक हजार वर्षांपूर्वीच नाहीसा झाला.

मग उरला गोबीचा. मंगोलियाच्या नैर्ऋत्येला असलेलं गोबीचं वाळवंट आणि चीनमधल्या शिंजियांग-गान्सूचा कोरडा टापू, एवढंच त्याचं घर. एकूण संख्या हजाराच्या आतबाहेर. जागतिक निसर्ग संरक्षण संघटनेच्या लाल यादीत तो २००२ सालापासून ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात आहे. हिवाळ्यात उणे चाळीस अंश, उन्हाळ्यात अधिक चाळीस, झरे एकमेकांपासून लांब लांब आणि काही तर खारट. त्या खारट पाण्यावरही तो जगतो. मादीला तेरा महिन्यांनी एक पिल्लू होतं, आणि साधारण दोन वर्षांत एकच. त्यातही लांडगे टपलेले असतात.

निकोलाय प्रझेवाल्स्की नावाचा रशियन प्रवासी १८७६-७७ मध्ये लोप नूर भागात गेला होता. त्याने या उंटाची कातडी मिळवून सेंट पीटर्सबर्गला नेली आणि १८७८ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. नाव मिळालं खरं, पण शंका सुटली नाही. हा खरंच रानटी आहे, की तांड्यांतून सुटलेल्या पाळीव उंटांचा वंशज? म्हणजे आपला तोच प्रश्न, रानटी की मोकाट? दिसायला दोघे सारखेच वाटतात. नीट पाहिलं तर रानटी उंट अंगाने सडपातळ, पाय बारीक, वशिंडं लहान आणि शंकूसारखी, डोकं चपटं. पण ‘वाळवंटात खायला न मिळाल्यामुळे वाळला असेल’ असं म्हणायला वाव होताच. हा वाद शंभर वर्षांहून जास्त चालला.

वाद मिटला तो डीएनए तपासल्यावर. या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत एकामागून एक अभ्यास झाले. आईकडून येणाऱ्या डीएनएवरून काढलेल्या हिशेबाप्रमाणे रानटी आणि पाळीव उंटांच्या वाटा सात लाख ते पंधरा लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. माणसाने उंट पाळायला लागून फार तर पाच-सहा हजार वर्षं झाली असतील. म्हणजे हा उंट सुटून रानात गेलेला असणं शक्यच नाही. २०२० साली आशियाभरातल्या १२८ उंटांच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की पाळीव उंटांच्या घडणीत गोबीच्या या रानटी उंटाचा वाटा जवळजवळ नाही. पाळीव उंट मध्य आशियात तयार झाला आणि मग पूर्वेकडे मंगोलियात आला. तिथे हा आधीपासून होताच. म्हणजे हा पाळीव उंटाचा बापही नव्हे आणि मुलगाही नव्हे. चुलत घराण्यातला, आणि त्या घराण्यातला शेवटचा.

इथे मला एक गंमत सांगायची आहे. मंगोल भाषेत पाळीव उंटाला वेगळा शब्द आहे आणि या रानटी उंटाला वेगळा. याला ते ‘हावत्गाई’ म्हणतात, म्हणजे ‘चपटा’. विद्वान शंभर वर्षं वाद घालत होते तेव्हा गोबीतल्या गुराख्याच्या तोंडी दोन प्राण्यांसाठी दोन शब्द होते. ज्याला रोज त्या प्राण्याशी व्यवहार करायचा असतो, त्याच्या भाषेला आधी कळतं. भाषेच्या शिक्षिकेला एवढं समाधान पुरे!

या उंटाला इतकी वर्षं कुणी तारलं, हे वाचलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. लोप नूर ही चीनची अणुचाचणीची जागा. १९६४ ते १९९६ अशी बत्तीस वर्षं तिथे अणुस्फोट होत होते. त्यामुळे तो सगळा मुलूख लष्कराने बंद केला होता, आणि माणूस आत जात नसल्यामुळे उंट टिकला. अणुबाँब परवडला पण माणसाचा शेजार नको, अशी त्या बिचाऱ्याची गत. चाचण्या थांबल्यावर खनिजं शोधणारे आत शिरू लागले. जॉन हेअर या इंग्रज गृहस्थाने १९९७ साली या उंटासाठी संस्था काढली, चीनमध्ये अभयारण्य व्हावं म्हणून खटपट केली आणि ते झालंही. हेअर २०२२ मध्ये वारले. मंगोलियाने तर त्याआधीच, १९७५ साली, गोबीचा मोठा भाग अतिसंरक्षित म्हणून जाहीर केला होता. त्यातला उंटाचा जो भाग आहे तो सुमारे ४४,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा सातवा हिस्सा.

एवढी जागा राखली, शिकारीला बंदी केली, मग अडचण काय? अडचण अशी की उंटाला नकाशावरची रेघ कळत नाही. मंगोलियात पाळीव उंट चार लाखांहून जास्त आहेत. संरक्षित क्षेत्राच्या कडेला गुराख्यांचे कळप चरतात. माजावर आलेला रानटी नर पाळीव कळपात शिरतो, माद्या पळवून नेतो. कधी पाळीव नर रानटी मादीला गाठतो. होणारी पिल्लं धडधाकट असतात. घोडा आणि गाढव यांच्यापासून झालेलं खेचर वांझ असतं, त्यामुळे घोडा घोडा राहतो आणि गाढव गाढव. उंटांचं तसं नाही. संकरातून झालेल्या पिल्लाला पुढे पिल्लं होतात, त्यांना आणखी होतात. हजार विरुद्ध चार लाख, हा हिशेब पाहा. वाटीभर दुधात रांजणभर पाणी ओतलं तर दूध कुणी सांडलं असं म्हणता येत नाही, पण रांजणात जे उरतं त्याला कुणी दूधही म्हणत नाही. रानात उंट दिसत राहतील, मोजणीत आकडा वाढेलही, आणि हावत्गाई मात्र गेलेला असेल. बंदुकीचा आवाज न होता, एकही प्रेत न पडता.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं आहे की प्राणी वाचवला की नाही, हे फक्त डोकी मोजून ठरवू नये. वर्तमानपत्रांना आकडा आवडतो, सरकारांना त्याहून आवडतो. ‘इतके होते, इतके झाले’ म्हटलं की टाळ्या पडतात. पण हजार उंट आहेत म्हणजे काय आहे, हे त्या हजारांच्या आत पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यात किती संकरित? उरलेले एकमेकांचे किती जवळचे नातेवाईक? मंगोलियातले आणि चीनमधले यांची गाठभेट होते का? दोन देशांच्या सरहद्दीवर कुंपण आहे. संख्या आधीच थोडी, त्यात तुकडे झाले की नात्यातल्या नात्यात संतती होत राहते, एकच खोट आईकडूनही येते आणि बापाकडूनही. एखादी नवी साथ आली तर तिला तोंड देणारं वेगळं काही कुणाच्याच अंगात नसतं. जनुकीय विविधता हा शब्द पुस्तकी वाटतो, पण त्याचा अर्थ साधा आहे. घरात एकच किल्ली असण्यापेक्षा जुडगा असलेला बरा, कारण उद्या कुलूप कोणतं लागेल ते आज माहीत नसतं.

तेव्हा या उंटासाठी एक दार उघडं ठेवायला हवं आणि एक बंद करायला हवं. रानटी कळपांनी एकमेकांत मिसळावं म्हणून सरहद्दीचं दार उघडं, पाळीव कळपात मिसळू नये म्हणून ते दार बंद. आपण ‘कुंपण घातलं, काम झालं’ असं म्हणतो. इथे कुंपण चुकीच्या जागी आहे, आणि हवं तिथे नाही.

आता एक आक्षेप येणार, आणि तो मला स्वतःलाही टोचला. ‘शुद्ध रक्त’, ‘संकर नको’, ‘मिसळू नका’ ही भाषा आपल्या देशात ज्यांनी ज्यांनी ऐकली आहे, त्यांच्या कानाला ती खुपणारच. माणसांच्या बाबतीत हे असलं बोलणं मी वर्गात कधी चालू दिलं नाही आणि घरातही नाही. मग उंटाच्या बाबतीत मी तेच म्हणते आहे का?

मी यावर बरेच दिवस विचार केला. दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत असं माझं मत झालं. माणसांच्या जाती माणसांनी केल्या. शरीराच्या हिशेबाने सगळी माणसं एक, त्यांच्यातले फरक वरवरचे, आणि माणसं एकमेकांत मिसळली तर काहीच नष्ट होत नाही. झालंच तर चार घरांची अढी जाते, ती जायलाच हवी. या दोन उंटांच्या वाटा वेगळ्या होऊन काही लाख वर्षं झाली आहेत. त्या काळात आपली सध्याची मनुष्यजात पृथ्वीवर यायचीच होती! आणि दुसरं, इथे कुणी श्रेष्ठ आणि कुणी हीन असा प्रश्नच नाही. रानटी उंट पाळीवाहून चांगला आहे म्हणून तो वेगळा ठेवायचा नाही. तो वेगळा ठेवायचा, कारण त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. हस्तलिखिताची एकच पोथी उरली असेल तर तिच्यावर आपण गिरगिटा करू देत नाही. त्यात छापील पुस्तकांचा अपमान नसतो. संकरित पिल्लाचाही काही दोष नाही. त्याने माणसाच्या कळपात उंटासारखं सुखाने जगावं, फक्त रानात परत जाऊन वंश वाढवू नये, एवढंच.

आणि फार उशीर केला तर काय होतं, हेही त्याच गोबीत दिसतं. ज्या प्रझेवाल्स्कीमुळे हा उंट शास्त्राला कळला, त्याच्याच नावाचा एक रानघोडा आहे. मंगोल लोक त्याला ‘ताखी’ म्हणतात. विसाव्या शतकात तो रानातून पार नाहीसा झाला. प्राणिसंग्रहालयांत होते त्यांच्यापासून पैदास केली आणि १९९२ पासून त्याला पुन्हा मंगोलियात सोडलं. फार मोठं काम झालं, त्याबद्दल वाद नाही. पण आज जगात असलेले हे सगळे घोडे अवघ्या डझनभर रानटी पूर्वजांचे वंशज आहेत, आणि त्या पूर्वजांत एक पाळीव घोडीही शिरलेली आहे. हरवलेली विविधता थोडी तरी परत यावी म्हणून १९८० साली गोठवून ठेवलेल्या पेशींपासून २०२० मध्ये अमेरिकेत एक शिंगरू क्लोनिंग करून जन्माला घातलं. चाळीस वर्षं शीतपेटीत ठेवलेल्या पेशीपर्यंत जाण्याची वेळ आली! उंटाचे अजून हजारेक तरी रानात आहेत. मंगोलियात झाखिन उस इथे सुमारे डझनभर रानटी उंटांपासून पैदास केंद्रही सुरू झालं आहे. ते चांगलंच आहे, अडीअडचणीला उपयोगी पडेल. पण केंद्रातला उंट म्हणजे बँकेतली ठेव. ठेवीवर संसार चालत नाही, कमाई रानातच व्हायला हवी.

मग दार बंद करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? इथे माझं दुसरं म्हणणं येतं, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं आहे. दार बंद करण्याचा भुर्दंड गुराख्याने एकट्याने सोसू नये. गोबीतला गुराखी हा काही खलनायक नाही. उंट हे त्याचं दूध, लोकर, वाहन आणि बचत. मंगोलियात कडक हिवाळ्याचं एक संकट येतं, त्याला तिथे ‘झुड’ म्हणतात. बर्फाखाली गवत गाडलं जातं आणि जनावरं उभ्याउभ्या मरतात. २०२३-२४च्या हिवाळ्यात सत्तर लाखांहून जास्त जनावरं गेली. अशा माणसाला तुम्ही सांगणार की या झऱ्यावर येऊ नकोस, इथे चारू नकोस, तुझी उंटीण रानटी नराने पळवली तरी गप्प बस. तो विचारेल, ‘आणि मी काय खाऊ?’ या प्रश्नाला उत्तर नसेल तर सगळा कायदा कागदावर राहतो. आपल्याकडेही जंगलाच्या कडेला राहणाऱ्याला हा प्रश्न पडतोच, म्हणून तो मला परका वाटत नाही.

उत्तर आहे, आणि ते या उंटाच्याच दक्षिण अमेरिकेतल्या नातेवाइकाने दाखवलं आहे. अँडीज पर्वतात राहणारा विकुन्या हा हरणाएवढा नाजूक प्राणी. त्याची लोकर जगातल्या अतिशय बारीक लोकरींपैकी एक. त्या लोकरीपायी त्याची इतकी शिकार झाली की १९६०च्या दशकात तो जेमतेम दहा हजारांवर आला. पेरूमध्ये १९६७ साली पाम्पा गालेरास इथे राखीव क्षेत्र झालं. १९७९ मध्ये अँडीजमधल्या देशांनी करार केला, आणि त्यात एक शहाणपणाचं कलम होतं. विकुन्यापासून मिळणारा फायदा तिथल्या डोंगरी लोकांना मिळावा. पुढे जिवंत प्राण्याची लोकर कातरून विकायला परवानगी मिळाली. इंकांच्या काळापासून तिथे ‘चाकू’ नावाची प्रथा आहे. (आपल्या सुरीशी संबंध नाही.) शेकडो माणसं साखळी करून विकुन्यांना घेरतात, लोकर कातरतात आणि त्यांना सोडून देतात. मेलेल्या विकुन्याची किंमत एकदाच, जिवंताची पुन्हा पुन्हा. आज विकुन्या काही लाखांवर आहेत.

अर्थात तिथेही फक्त आकड्यावर खूश होऊन चालत नाही. लोकर काढायला सोपं जावं म्हणून काही ठिकाणी विकुन्यांना मोठ्या कुंपणांत ठेवतात, आणि मग कळपाकळपांची मिसळण थांबते. लोकरीच्या किमतीतला मोठा वाटा कातरणाऱ्या गावापेक्षा लांबच्या शहरांत राहतो. आणि अर्जेंटिनातल्या सान गिलेर्मो राष्ट्रीय उद्यानात २०१४ पासून खरजेची अशी साथ आली की तिथले विकुन्या आणि गुआनाको जवळजवळ संपले. त्यांच्यावर जगणारी गिधाडं, म्हणजे तिथले काँडोर, तेही तिथून निघून गेले. ही खरूज बाहेरून आणलेल्या पाळीव लामांमुळे आली असावी असा संशोधकांचा संशय आहे. पाळीव भाऊ रानटी भावाच्या घरी पाहुणा म्हणून आला की तो बरोबर काय घेऊन येईल ते सांगता येत नाही. नुसता वंशच मिसळतो असं नाही, रोगही मिसळतो.

गोबीच्या उंटाची लोकर कातरून विका, असं मी म्हणत नाही. हजार प्राण्यांवर धंदा होत नाही, आणि होऊही नये. पण तत्त्व तेच लावता येईल. संरक्षित क्षेत्राच्या कडेला राहणाऱ्या गुराख्याने पैदाशीच्या नराऐवजी खच्ची केलेले उंट बाळगावेत आणि त्यात जे नुकसान होईल ते भरून मिळावं. रानटी नराने उंटीण नेली तर तिची किंमत लगेच हातात पडावी. राखणदाराच्या नोकऱ्या त्याच गावांतल्या मुलांना मिळाव्यात, कारण हावत्गाई कोणता आणि साधा उंट कोणता हे त्यांना लांबून ओळखता येतं. कडेच्या कळपांत जन्मलेल्या पिल्लांची डीएनए तपासणी नियमाने व्हावी, आणि त्यासाठी गुराख्याला हेलपाटा पडू नये. त्याच्यासाठी संरक्षित क्षेत्राबाहेर वेगळं पाणी काढून द्यावं. हा पैसा कुणी द्यायचा? ज्या जगाने २०२४ साली उंटाचं वर्ष साजरं केलं, त्या जगाने. मंगोलियासारख्या देशावर आणि त्यातल्या गरीब गुराख्यावर ते ओझं टाकून आपण फक्त हळहळायचं, हा न्याय नव्हे.

‘एवढं करून आपल्याला काय मिळणार?’ असं आमच्याच घरातून विचारलं जाईल, म्हणून आधीच सांगते. खारं पाणी पचवण्याची, उणे चाळीस ते अधिक चाळीस सोसण्याची काय युक्ती त्याच्या शरीरात आहे, ती पुढे कधी उपयोगी पडेलही. शास्त्रज्ञांना ते सांगावंच लागतं, नाहीतर पैसे मिळत नाहीत. पण मला विचाराल तर उपयोग हे कारण पुरेसं नाही. काही लाख वर्षं जो स्वतःच्या पायांवर जगला, ज्याने कधी वेसण पाहिली नाही, बत्तीस वर्षांचे अणुस्फोटही ज्याला संपवू शकले नाहीत, तो आपल्या पाळीव जनावरांच्या नुसत्या गर्दीमुळे पुसला जावा आणि जाताना कुणाला कळूही नये, हे मला पटत नाही. कुणीतरी मुद्दाम मारलं तर निदान गुन्हा तरी नोंदवता येतो.

असो. बरंच लिहिलं, आणि डोळेही आता तक्रार करू लागले आहेत. वेगळं मत असेल तर जरूर कळवा, वाद घालायला मला आवडतं हे जुन्या वाचकांना माहीत आहे. भाचरांनो, लडाखचे फोटो छानच आहेत. फक्त खाली ‘वाइल्ड कॅमल’ लिहिलं आहे, तेवढं बदला. तो उंट पाळीव आहे. रानटी कुणाच्या फोटोसाठी उभा राहत नाही.